घोटभर पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात कुणी पाणी कमी प्यायलं तर कारण विचारायची पद्धत नाही. नळ आला नसेल, एवढंच समजतात. पैठणच्या नाथसागरातून पाणी आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन वाहिन्यांच्या भरवशावर शहर वाढतच गेलं. २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, त्यानंतरही नळ कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या दिवशी सुटत राहिला. त्यामुळे सूतगिरणी चौकाजवळच्या एका घरात माई औषधाची गोळी घोटभर पाण्यावर ढकलायच्या, तेव्हा सुनेला त्यात काटकसर दिसली. प्यायचं पाणी जारने विकत येत होतं. आमच्या आईंना जाण आहे, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

माईंच्या नवऱ्याची, आबांची, गोष्ट उलटी. त्यांचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली, मीठ तोडलं आणि दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातली. रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय असं समजून दवाखाना गाठायचा. दीड लिटरमध्ये चहा आला, ताक आलं, पातळ वरणही आलं. उरलेलं पाणी बाटलीत, आणि बाटलीवर सुनेने मार्करने मारलेली रेघ. एप्रिलच्या उन्हात दुपारी तीनलाच आबा त्या बाटलीकडे महिनाअखेरच्या पगाराकडे बघावं तसे बघायचे.

माईंची हाडं ठिसूळ झालेली. पडून मनगट मोडल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली होती. रविवारी पहाटे, अनशापोटी. काही महिन्यांनी त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. घरात एक हृदयाचा रुग्ण असला की सगळ्यांच्या मनात तेच येतं. रात्री रिक्षा करून ईसीजी काढून आले. तो चांगला निघाला. मग पित्तावरचं गुलाबी औषध आलं, शेवगा-वांगी बंद झाली, आणि जळजळ होती तिथेच राहिली.

दुखणं कुणी ओळखलं तर मेडिकलवर नव्याने लागलेल्या मुलीने. डी.फार्म झालेली, हिशेबाच्या वहीपेक्षा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे जास्त बघणारी. मालकाला ते फारसं आवडत नसे.

"आजी, तुम्ही हे औषध दर सोमवारीच कसं नेता? रविवारी घरात मटण असतं का?"

"आम्ही माळकरी आहोत गं."

"मग रविवारी पोटात दुसरं काय जातं?"

माईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. मुलीने नाव वाचलं आणि विचारलं, "ही किती पाण्याबरोबर घेता?" माईंनी तळहात पुढे केला. तीर्थ घेताना होतो तेवढाच खळगा.

"आणि नंतर?"

"नंतर परत आडवी होते. पहाटे पाचला उठून करू काय?"

मुलीने पट्टी बाजूला ठेवली. ही गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथलं अस्तर भाजून काढते, तिने सांगितलं. म्हणून पूर्ण ग्लासभर साधं पाणी लागतं. दूध, चहा चालत नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही. गोळीनंतर निदान अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, पाठ टेकायची नाही. "येत्या रविवारची घेऊच नका. आधी डॉक्टरांना दाखवा."

दुर्बिणीतून तपासलं तेव्हा अन्ननलिकेत जखम दिसली.

त्या संध्याकाळी सून रडायला आली. "आई, आपण टँकर मागवला असता. पाण्यासाठी एवढं कशाला सोसायचं?"

"पाण्यासाठी नाही गं," माई आबांकडे न बघता म्हणाल्या. "हे शेजारीच झोपलेले असतात. भांडं वाजलं की डोळे उघडतात. दिवसभर यांनी ओठ कोरडे ठेवायचे आणि मी यांच्यासमोर घटाघटा प्यायचं?"

आबा आधी चिडले. मग म्हणाले, "म्हणजे गांधारी आमच्याच घरात होती की! तिने पट्टी बांधली म्हणून धृतराष्ट्राला दिसायला लागलं का?"

माईंचं कमी पिणं गोळीपुरतं नव्हतं, हेही मग हळूहळू बाहेर आलं. उठताना येणारी चक्कर, लघवीची आग, पोट साफ न होणं. प्रत्येकाला वयाचं नाव देऊन झालं होतं. म्हातारपणी तहान मुळातच कमी जाणवते, त्यात ती मुद्दाम मारलेली. रोज आठ ग्लास पाणी प्या असा संदेश मोबाइलवर येतो तो आबांनाही येतो आणि माईंनाही. आबांनी तो पाळला असता तर आठवड्यात दवाखान्यात भरती झाले असते. माईंनी आबांचा नियम पाळला आणि काय झालं ते झालंच. असले संदेश पाठवणाऱ्यांना एकदा या घरात जेवायला बोलवावं.

सुनेने दुसरी बाटली आणली. तीही रेघेची, पण उलट्या कामाची. आबांनी आपली रेघ ओलांडायची नाही, माईंनी आपली गाठल्याशिवाय झोपायचं नाही. आबांनी लगेच तोड काढली, की माईंना कधी संपवणं जड गेलं तर ते मदत करतील. सुनेने ती फेटाळली.

डॉक्टरांनी माईंची गोळी कायमची बंद केली. जखम भरल्यावर, रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडं तपासून, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते औषध सुचवलं. माईंना हायसं वाटलं. आता कुणासमोर प्यायला नको. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी घरून निदान दोन ग्लास पाणी पिऊन या."

त्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः माठातून तांब्या भरला, ग्लास माईंच्या हातात दिला आणि समोर खुर्ची ओढून बसले. माईंनी पदराआड तोंड फिरवायचा प्रयत्न केला.

"इकडे बघून पी."

माई प्यायल्या. दुसरा ग्लास अर्धा झाला तेव्हा आबांनी विचारलं, "गार आहे का गं?"

"कुठलं गार! कोमट आहे नुसतं."

"माठ मी भरलाय रात्री," आबा म्हणाले. "खोटं बोलू नको. संपव."