नावाला बट्टा

आडनाव ही माणसाला न मागता मिळणारी आणि काही केल्या परत न करता येणारी ठेव. देशमुखांच्या हाती आता देश नाही. मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं तर १९५० च्या कायद्यानंच गेली, पण कुलकर्णी आहेत तिथंच आहेत. बँक आम्हांला साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठवते. आडनावाला निवृत्ती ठाऊक नाही.

माझं आडनाव पोतदार. शब्द मूळचा फारसी, 'फोतेदार'. म्हणजे खजिना सांभाळणारा. मराठी मुलखात त्याच्या गळ्यात नाणी पारखायचंही काम पडलं. साऱ्याचा रुपया आला की पोतदारानं तो वाजवायचा, तोलायचा आणि मग 'खरा' म्हणायचं. गावात हे काम बहुधा सोनाराकडे असे. तरी पोतदार ब्राह्मणांतही सापडतात. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार त्यांतलेच. आडनावावरून जात हुडकणाऱ्या चौकस मंडळींची इथं पंचाईत होते, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

काम मात्र डोकेदुखीचं. अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना रुपये. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. कमी भरला की बट्टा कापायचा. आपण नावाला लावून घेतो तो हाच बट्टा! पुढे १८३५ साली कंपनी सरकारनं एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन, त्यात चांदी १६५ ग्रेन. झालं, एका कायद्यानं पोतदारांची निम्मी नोकरी खाल्ली. वऱ्हाड इंग्रजी कारभारात आलं १८५३ साली, त्यामुळे इकडच्या पोतदारांना थोडी मुदतवाढ मिळाली असावी.

आता माझी अडचण. शेगावात महाराजांच्या दर्शनाला चारी दिशांची माणसं येतात, आणि त्यांच्याबरोबर चारी दिशांची नाणीही. त्यांत दहाचं नाणं म्हणजे कायमचं भांडण. त्याचे चौदाही नमुने चालू आहेत असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ सालीच सांगितलं. पण कचोरीवाल्यानं ते ऐकायला हवं ना! एक आजी असं नाणं घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. मी रिझर्व्ह बँकेचा हवाला दिला.

"थे मले नाई समजत. तुमी पोतदार ना? तुमी म्हना खरं हाये, मंग खरं."

सुखावलो, खोटं कशाला बोलू? पण ही पत माझी कुठली? मी बी.कॉम.; चांदी मला फक्त दिवाळीत मिठाईवर भेटते. येणी घेणाऱ्या वारसानं देणीही घ्यावीत, हा आमच्या धंद्याचा नियम. मग एखाद्या खापरपणजोबांनी रुपया घासून चिमूटभर चांदी पदरात पाडली असेल, तर तीही माझ्याच खाती पडायला हवी. ती कुणी मागत नाही, हा माझा फायदा.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणतात, "अहो, आडनाव म्हणजे नुसती चिठ्ठी." नुसती चिठ्ठी? मग कर्जाच्या अर्जावर काही आडनावं वाचताना साहेब मंडळींच्या भुवया का हलतात? जगानं ज्या कामांना नाक मुरडलं, त्या कामांवरूनही आडनावं पडली. ती लावणारा माणूस जन्मभर बट्टा भरतो, त्याचं नाणं कुणी वाजवूनही पाहत नाही. कित्येकांनी याच जाचापायी आडनाव बदलून घेतलं. मी आजींचा फुकटचा विश्वास खिशात घातला, तर ज्या हिशोबानं मला तो मिळाला त्याच हिशोबानं त्यांना तिरस्कार मिळतो, यावर माझीच सही झाली की! जमा तेवढी माझी आणि नावे दुसऱ्याच्या, असा ताळेबंद कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

म्हणून मी आजींना म्हणालो, "आजी, माझ्या आडनावावर जाऊ नका. नाणं स्वतः बघा, त्यावर छापलंय ते बघा."

आजींनी नाणं उलटंपालटं केलं, मग माझ्याकडे नीट पाहिलं.

"बाप्पा! सारं मीच पाह्यचं, तं तुमी इथं कायले बसले?"