मुकाट सोसणे म्हणजे क्षमा काय?

कचेरीत वरिष्ठ अधिकारी चारचौघांत जातीवरून पाणउतारा करतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे मैत्रीभावनेला सोडून होईल काय? मुळीच नाही. क्षमा निर्भय माणूस करतो. नोकरी जाईल म्हणून गिळलेला अपमान ही क्षमा नव्हे, भीती होय.

‘बौद्ध झालो, आता कायद्याचे संरक्षण गेले’ ही भीतीही निराधार आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही त्या यादीत मान्यता मिळाली. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीने लोकांदेखत त्यांचा हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरतो. बंद खोलीत, साक्षीदारावाचून घडलेला अपमान मात्र या कलमात सहसा बसत नाही. म्हणून तारीख, शब्द व साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. स्त्रियांच्या लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत समितीकडे द्यावी. इतर सर्वसाधारण जाचासाठी स्वतंत्र कायदा नाही. तेथे लेखी अर्ज व कामगार संघटना यांचा आधार घ्यावा.

बंधुभगिनींनो, तक्रारीत एक अक्षरही खोटे जोडू नका, सूडाची भाषा वापरू नका. घडले तेवढेच निर्भयपणे सांगणे, हीच सम्यक वाचा.