सोमवारी काय शिजतं?

डोंबिवलीतल्या एका घरात सव्वा वर्षापासून मांस, मासे, अंडी तर नव्हतीच, पण दूध-तूपही येत नव्हतं. घरातल्या सुनेनं हे सगळं मनापासून सोडलं होतं. नवरा बाहेर मासे खाई, पण घरी ती जे वाढेल ते आवडीनं जेवे. दोघांचं जमलं होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी फोन आला. नवऱ्याचे मामा कुडाळहून मुंबईला लग्नाला आले होते. रविवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या एक्सप्रेस पकडायची होती, त्याआधी भाच्याकडे जेवून जाऊ, असं ते म्हणाले. मामा, मामी, दोन मुलगे, एक सून आणि एक नातू, अशी सहा माणसं येणार होती.

सहा माणसांची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती रविवारची. मामांच्या घरी रविवार म्हणजे कोंबडी-वडे, नाहीतर सुरमईची कढी आणि तळलेली तुकडी. अशा माणसाला त्याच दिवशी नुसती भाजी-आमटी वाढायची? पण मासे घरात शिजवायला तिचं मन तयार नव्हतं.

ती कागद घेऊन बसली. सोयाचा खिमा, सोयाचीच बिर्याणी, मशरूमचं सुकं, काजूच्या दुधाचं पनीर, दोन कोशिंबिरी, तीन चटण्या. यादी अकरा पदार्थांवर गेली तरी पानाला काहीतरी कमी आहे, ही रुखरुख जाईना. गुरुवारी तिनं खिमा करून पाहिला. तीन तास गेले. नवरा दोन घास खाऊन म्हणाला, "चांगलाच झालाय. पण मामांच्या पुढ्यात खिमा म्हणून ठेवलास, तर पहिल्या घासाला ते खऱ्या खिम्याशी ताडून बघणार."

तिचा चेहरा उतरला. खोटं काही नव्हतं त्यात.

तळमजल्यावर एक आजी राहत. मूळच्या सातारा भागातल्या, पण सगळं आयुष्य लालबागला गेलेलं. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खाणावळ होती. चाळीतल्या दोन खोल्यांत रोज चाळीस गिरणी कामगार जेवून जात, काही घाटावरचे, बरेचसे कोकणातले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हा आजी त्याच्या सभांना जात. १९८२च्या संपानंतर जेवायला येणारी माणसंच गावी परतली आणि खाणावळ बंद झाली. पण कोणाच्या पोटाला काय लागतं, ही जाण आजींच्या हातातून गेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आजी कढीलिंब मागायला वर आल्या आणि ओट्यावरची यादी त्यांच्या नजरेला पडली.

"एवढं कोण जेवणार आहे गं पोरी?"

तिनं सगळं सांगितलं. आजींनी यादी पुन्हा वाचली आणि विचारलं, "तुझे मामेसासरे सोमवारी काय जेवतात?"

"सोमवारी? ते रविवारी येणार आहेत, आजी."

"ते कळलं मला. पण सोमवारी काय जेवतात?"

तिला सांगता येईना.

आजी खुर्चीवर टेकल्या. "माझ्याकडे मटणाशिवाय बोलत नसत अशी माणसं होती. पण मटण-मासे बुधवारी आणि रविवारी. एरवी कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, शिवाय आख्खा श्रावण. त्या दिवशी ती माणसं उपाशी उठत होती का? ताट पुसून खात होती! मांस खाणारा माणूससुद्धा निम्म्याहून जास्त दिवस जमिनीतून उगवलेलंच खातो, बाई. तू त्याच्या रविवारची नक्कल करायला निघालीयस. त्याचा सोमवार विचार."

तिनं लगेच मामींना फोन लावला. मामी हसून म्हणाल्या, "सोमवारी आमच्याकडे मासे नाय. काळ्या वाटाण्यांचा सांबारा नि आंबोळी. ह्यांका तर ता लय आवडता."

तिनं फोन ठेवला आणि अकरा पदार्थांच्या यादीवर आडवी रेघ मारली.

मग आजींनी शिकवलं आणि तिनं नव्या कागदावर लिहून घेतलं. पदार्थ थोडे, पण पातेलं मोठं. आठ माणसांना अर्धा किलो काळे वाटाणे. शनिवारी सकाळी भिजत घालायचे, कारण हा वाटाणा कडक. दहा-बारा तास पाण्यात राहिल्याशिवाय नरमत नाही. संध्याकाळी कुकरला सहा-सात शिट्ट्या. कांदा आणि ओलं खोबरं तांबूस होईपर्यंत भाजायचं, घाई करायची नाही. "खाणाऱ्याला मटणात जे आवडतं ना, त्यातलं अर्धं या भाजणीत असतं," आजी म्हणाल्या. "भाजल्या कांद्या-खोबऱ्याचा वास, मसाल्याचा झणका, वर तेलाचा तवंग आणि आंबोळी बुडवायला दाट रस्सा." दाटपणासाठी मूठभर शिजलेले वाटाणे वाटणातच वाटायचे. मालवणी मसाला घालायचा आणि शेवटी तीन-चार आमसुलं. सांबार शनिवारी रात्रीच करून ठेवायचं. रात्रभरात वाटाण्यात मसाला मुरतो.

"बरोबर वडे करू का?" तिनं विचारलं.

"वडे गरम तळून वाढावे लागतात. तू कढईपाशी उभी राहिलीस तर पाहुण्यांशी बोलणार कोण? आंबोळीच कर." तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी. शनिवारी दुपारी भिजवायचं, रात्री वाटून उबेला ठेवायचं. रविवारी संध्याकाळी आंबोळ्या करून सुती कापडात गुंडाळल्या की जेवणापर्यंत मऊ राहतात.

मासे खाणाऱ्याला ताटात काहीतरी कुरकुरीत लागतं, म्हणून सुरणाचे काप. सुरण घशाला खवखवू नये म्हणून फोडी आमसुलाच्या पाण्यात ठेवायच्या, मग मीठ-मसाला लावून, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर कडेनं तेल सोडून परतायच्या. पाहुण्यांनी हात धुवेपर्यंत तयार होतात.

राहिले चार नारळ. तीन नारळांच्या दुधात कोकमाचं आगळ, वाटलेली लसूण आणि मिरची घालून सोलकढी. चौथ्याच्या दुधात गूळ विरघळवून, वेलची घालून गोड रस. जेवणाच्या शेवटी त्यातच एक-एक आंबोळी बुडवून खायची. गोडासाठी वेगळं काही करायला नको, दूध-तुपाची आठवणही नको. बरोबर भात आणि चिरलेला कांदा.

कागद भरला. सगळ्या ताटात प्राण्यापासून आलेलं काहीच नव्हतं, आणि तरी त्यात मामांना अनोळखी असं एकही नाव नव्हतं.

जाता जाता आजी दारात थांबल्या. "आणि हे बघ, दारातच 'आज मासे नाहीत हं, सांभाळून घ्या' असं म्हणू नकोस. माफी मागून वाढलेलं अन्न अळणी लागतं. जे नाही ते सांगायचं नाही, जे आहे ते गरम वाढायचं."

रविवारी संध्याकाळी सातला पाहुणे आले. तिची साडी नीट होती, ओटा स्वच्छ होता आणि ती नातवाशी गप्पा मारत बसली होती. पावणेआठला पानं मांडली. "मामा, मामींना विचारून तुमच्या आवडीचं केलंय," एवढंच ती म्हणाली.

मामांनी ताटाकडे एकदा पाहिलं. मासे नाहीत, हे त्यांना कळलं नसेल असं नाही. त्यांनी आंबोळीचा तुकडा सांबारात बुडवला, तोंडात घातला आणि काही न बोलता दुसरा तुकडा मोडला. धाकट्या मुलानं कापांची ताटली आपल्याकडे ओढली. मामी सोलकढीचा घोट घेऊन म्हणाल्या, "आगळ चांगला मिळाला गो तुका." मामांची चौथी आंबोळी झाली तेव्हा भाचेसून वाढायला उठू लागली, तर त्यांनी हातानं थांबवलं. "तू बस. तूही जेव आमच्याबरोबर." एवढी माणसं जेवायला असूनही ती पाहुण्यांच्या पंक्तीला बसली, ही तिच्या संसारातली पहिलीच वेळ होती.

निघायची वेळ झाली. पायात चपला सरकवताना मामांनी विचारलं, "सांबारा उरलाय?"

"आहे थोडं."

"मग डब्यात भर. सकाळी कुडाळला उतरलो की तोच गरम करू." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या सोमवार."

तिनं सांबाराला खळखळून उकळी आणली, निवू दिलं, डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावलं.

बोध: पाहुण्याच्या ताटात काय कमी पडेल हे मोजत बसलं, तर अकरा पदार्थही अपुरेच पडतात. आपला नेम सोडू नये आणि पाहुण्यावर तो लादूही नये. आपल्या नेमात बसणारं असं काय त्याच्या घरी आधीपासून आवडीनं शिजतं, ते विचारावं आणि मन लावून रांधावं. दोन घरांची चूल वेगळी असली, तरी कुठल्या ना कुठल्या वारी दोन्हीकडे एकच पदार्थ शिजत असतो.