प्रारब्ध मानणारी बाई तपासणीला येते का?

कर्करोगाच्या तपासणीला बायका का येत नाहीत, हे शोधणाऱ्या प्रश्नावल्यांचे मूळ अमेरिकेत आहे. १९५०च्या दशकात क्षयासाठी फुकट एक्स-रेची सोय करूनही लोक फिरकत नव्हते. त्या कोड्यातून आरोग्यविषयक समजुती मोजायची पद्धत निघाली. व्हिक्टोरिया चॅम्पियन यांनी १९८४मध्ये ती स्तनांच्या कर्करोगासाठी बेतली, बार्बरा पॉव यांनी दैववाद मोजणारे १५ प्रश्न तयार केले. असे प्रश्न परभाषेत नेताना एकाने भाषांतर करायचे, दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, दोन्ही जुळले की काम झाले, असा रिवाज आहे. पण वाक्य जुळले म्हणून त्यामागची श्रद्धा जुळत नाही. ‘नशिबात असेल ते चुकत नाही’ याला मान डोलावणाऱ्या बाईच्या नावापुढे दैववादाची खूण पडते. आपल्याकडे मात्र प्रारब्ध भोगायचे असते आणि क्रियमाण, म्हणजे आज करायचे कर्म, आपल्या हातात असते; समर्थ रामदासांनी तर प्रयत्नालाच देव मानले. विठ्ठलावर हवाला टाकणारा वारकरीही पेरणी उरकूनच वाट धरतो.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी गावाजवळ आली तेव्हा बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य बायका आल्या, आणि एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. त्या बायकांनी आधी प्रारब्ध सोडले होते, असे मानायला काहीच आधार नाही. उलट २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनही नव्हत्या. एवढी तफावत श्रद्धेने पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, दैववादी उत्तरे देणारे लोक तपासणी कमी करून घेतात, असे अभ्यासांत दिसलेच आहे. दिसले आहे, पण कारण कोणते आणि परिणाम कोणता? जिथे निदानानंतर उपचारच परवडत नाहीत, तिथे ‘नशीब’ हा अनुभवाचा निष्कर्ष असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: प्रत्येक समाजासाठी प्रश्न बदलले तर देशादेशांची तुलना कशी करायची? पण दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी मोजून आकडे शेजारी मांडले, तर तुलना आजही होत नाहीच. म्हणून मरण कुणाच्या हाती आणि तपासणी कुणाच्या हाती, हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. ‘हो’ म्हणताना मनात काय होते, तेही बाईलाच विचारावे. आणि तिच्या श्रद्धेवर बोट ठेवण्याआधी प्रत्येक अहवालाने सांगावे, की तिच्या गावापासून तपासणी किती किलोमीटरवर होती.