पदपथावरचा माणूस आणि आपले दान



वैशाखी पौर्णिमेस आपल्या विहारांतून खीर वाटली जाते. पुलाखाली, पदपथावर, रेल्वेच्या भिंतीलगत पथारी टाकून राहणारी कुटुंबे रांगेत उभी राहतात आणि पांढरे कपडे घातलेली आपली मुले त्यांच्या हाती द्रोण देतात. हे चांगलेच आहे. परंतु त्याच महिन्यात वसाहतीची बैठक भरते, ‘ही घाण येथून हलवा’ असा अर्ज महानगरपालिकेस लिहिला जातो, आणि त्याखाली आपल्याही सह्या असतात. द्रोण देणारा हात आणि सही करणारा हात एकाच उपासकाचा! या दोहोंतला आपला खरा हात कोणता, हा प्रश्न मी आज आपणापुढे ठेवीत आहे.

बेघर माणसाविषयी बोलताना आपण प्रथम परमपूज्य बाबासाहेबांचे बडोदे आठवावे. साल १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होतो, आणि त्याला राहावयास खोली मिळत नाही. पारशांच्या एका मुक्कामाच्या जागेत त्यांनी नाव बदलून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगून गेले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. एकाने नोकर घर सोडून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीचे कारण पुढे केले. बाबासाहेब कमाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ पदवी होती, पगाराची नोकरी होती, खिशात गाडीभाडे होते. कुणी जेवू घातले असते तरी त्यांचा प्रश्न सुटला नसता. त्यांना हवे होते एक दार, आणि ते दार दोन सज्जन माणसांनी अगदी सौम्य शब्दांत लावून घेतले. काठीवाल्यांपेक्षा मला त्या दोन सज्जनांची भीती अधिक वाटते. कारण आपण काठी घेऊन जाणार नाही. आपण अर्ज करू.

‘ज्याचे त्याचे कर्म’ हे वाक्य दीक्षेनंतरही आपल्या घरांत ऐकू येते. पूर्वजन्मीच्या पापाने माणूस पदपथावर आला असे मानले, तर आपले आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले तेही त्यांच्या पापानेच, असे कबूल करावे लागेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा असू शकत नाही असे का मांडले, ते येथे कळते. तो सिद्धांत समाजाला जबाबदारीतून मोकळे करतो. पुलाखालचे कुटुंब तेथे आले ते बहुधा कोरडवाहू जमिनीमुळे, कर्जामुळे, तोडलेल्या झोपडीमुळे. पारधी बांधवांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच चोर असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. आम्हांला गावाने बाहेर ठेवले ते विटाळ होतो म्हणून, त्यांना गावाने पाल ठोकू दिले नाही ते चोरी होते म्हणून. आता वसाहतीच्या बैठकीत ‘त्या लोकांमुळे चोऱ्या वाढल्या’ असे कुणी म्हणाले की आपण माना डोलावतो. आपल्याला हे शिकविले कोणी?

दुसरे एक बोलणे अधिक विद्वत्तेचे असते. ‘तथागतांनीही घर सोडलेच होते, घर हेच बंधन.’ खरे आहे. पण सिद्धार्थाने घर सोडले, त्याचे घर कोणी पाडले नाही. शिवाय ज्यांनी स्वेच्छेने अनागारिक होणे पत्करले, त्या भिक्खूंनाही पावसाचे तीन महिने उघड्यावर काढू नका, असा नियम आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने विचारले, तेव्हा भगवंतांनी भिक्खूंसाठी निवास बांधू देण्यास अनुमती दिली आणि त्याने साठ विहार उभे केले. आपल्या मुंबईतच बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. मुलांना सहलीस नेता तेव्हा नीट पाहा. खोलीत निजण्यासाठी दगडी ओटा आहे, बाहेर पाण्याचे टाके आहे. तेथील शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदली आहेत: कुणी लेणे दिले, कुणी टाके, कुणी चिवरासाठी कायमची ठेव. त्या दात्यांनी निजणाऱ्याची पाठ आणि तहान दोन्ही ध्यानात घेतली होती, आणि दान एका दिवसात संपू नये याचीही सोय केली होती.

म्हणजे अन्नदान बंद करावे काय? मुळीच नाही. आळवी येथे बैल शोधून थकलेला एक गरीब शेतकरी उपदेश ऐकावयास आला, तेव्हा भगवंतांनी प्रथम त्याला जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला, अशी कथा आहे. भुकेल्यास आधी अन्न, यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा.

मतदारयादीचे काम आम्हा शिक्षकांच्या वाट्यास येते. त्याविषयी आपण पुष्कळ कुरकुर करतो, परंतु त्यातील एक नियम मला फार आवडतो. बेघर माणसाकडे राहण्याचा पुरावा म्हणून कागद मागायचा नाही. त्याने सांगितलेल्या जागी तो खरोखर निजतो की नाही, हे अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे. राज्य स्वतः चालत पदपथापर्यंत जाते आणि ‘हा येथे राहतो’ असे लिहून घेते! अशाच एका रात्री मी नावे तपासून झाल्यावर एका बाईला विचारले, “ताई, आमच्या विहारातून तुम्हांला काय हवे?” ब्लँकेट म्हणेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, “गुरुजी, खायला मिळतंय कुठंबी. दिवसा हे बोचकं ठेवायला जागा द्या. कामावर न्यावं तर मुकादम घेत न्हाई, हितं ठेवावं तर गाडीवाले उचलून नेत्यात.” बोचक्यात काय असते? स्टोव्ह, दोन भांडी, मुलांचे कपडे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सगळे कागद. ते गेले की आधार गेला, रेशनचा कागद गेला, पुन्हा पहिल्यापासून. न दिलेले घेणार नाही, असे शील आपण रोज ग्रहण करतो. आपल्या अर्जावरून येणारी गाडी नेमके तेच करते.

सरकारी निवारे आहेत, तेथे हे लोक का जात नाहीत, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीस एक याप्रमाणे बारमाही निवारे उभारण्यास सांगितले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे शंभराहून अधिक निवारे हवे होते. तेवढे आजही नाहीत. जे आहेत त्यांतील कित्येक ठिकाणी नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. आणि भल्या पहाटे मजूर-नाक्यावर पोहोचायचे तर नाका जवळ हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या पदपथवासीयांच्या खटल्यात हेच ओळखले होते. माणूस कामाजवळ राहतो, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या निकालात म्हटले. त्याच निकालाने पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्यास मात्र वाट मोकळी ठेवली, हेही आपण विसरू नये.

भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांनी निकालावर भरवसा ठेवून वाट पाहिली नाही. ‘महिला मिलन’ या नावाने त्या १९८६ च्या सुमारास एकत्र आल्या, थोडी थोडी बचत करू लागल्या, आपल्या झोपड्यांची गणना त्यांनी स्वतः केली. पुढे त्यांच्यापैकी कुटुंबे मानखुर्दच्या मिलन नगरात स्वतःच्या घरांत राहावयास गेली. बाहेरच्या कार्यकर्त्यांनी त्यांना साहाय्य केले, पण घर कसे हवे, केवढे हवे, हे त्या बायांनी ठरविले.

आपल्या हाती एवढे मोठे काम नसेल. परंतु आपल्यात शिक्षक आहेत, कारकून आहेत, महानगरपालिकेत नोकरी करणारे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून मुलाला शाळेत नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवावे लागते, हे त्या आईला सांगणारे आणि तिच्याबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जाणारे माणूस आपल्या प्रत्येक विहारात निघेल. एकट्या बाईला ‘उद्या या’ म्हणतात. सोबत चष्मेवाला एक जण असला की आजच अर्ज मिळतो. वाईट आहे, पण असे आहे.

आणि विहार स्वतः? रविवारची वंदना आणि जयंतीचे दिवस सोडले तर पुष्कळ ठिकाणी तो आठवडाभर कुलूपबंद असतो. मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी ठोकली, तर वीस बोचकी सहज राहतील. नळ आहेच. किल्ली कोणाकडे राहील, सकाळी किती वाजता उघडायचे, हे येत्या वंदनेनंतर ठरविता येईल. त्या बैठकीस पुलाखालच्या दोघा-तिघांना बोलवावे, आणि ती सायंकाळी सातनंतर ठेवावी, कारण त्याआधी ते कामावरून परतलेले नसतात.