वह्या मिटा आणि ऐका

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. मागच्या बाकावरची कुजबुजही बंद. आज लिहून घ्यायचं काही नाही, आज फक्त ऐकायचं आहे.

चाचणीत इंग्रजीत करायला साधं वाक्य दिलं होतं: रेल्वे रूळ ओलांडू नये. जिते स्टेशनच्या आसपास वाढलेली पोरं तुम्ही. दिवा-रोहा गाडी रोज डोळ्यांसमोरून जाते. आणि अर्ध्या वर्गाने काय लिहिलं? ‘यू नीड नॉट क्रॉस द ट्रॅक.’ अर्थ कळतोय का? रूळ नाही ओलांडलात तरी चालेल, म्हणजे ओलांडायचा तर ओलांडा! तिथे ‘मस्ट नॉट’ पाहिजे होतं. एका शब्दाने मनाईची सवलत करून टाकलीत. ही पाटी खरंच कुणी फलाटावर लावली असती तर?

विचारलं तर उत्तर तयार: ‘सर, गाइडमध्ये समानार्थी दिलेत.’ नीड, मस्ट, हॅव टू, वॉन्ट, रिक्वायर, शुड, सगळे एका ओळीत. तुम्ही ओळ घोकलीत आणि त्यातला हाताला येईल तो शब्द वाक्यात कोंबलात. गाइडने ओळ दिली म्हणून स्वतःची अक्कल गहाण टाकायची?

आणि इंग्रजी नवीन आहे, अवघड आहे, हे मला सांगू नका. २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. अवघड काहीच नाही, लक्ष नाही. या शब्दांतला फरक तुम्हाला घरी रोज कळतो. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यातली मुलं तुम्ही, कितीजणांच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. तिथे काय बोलतात ते आठवा. शाडू मळायला पाणी लागतं. मला प्यायला पाणी हवंय. आखणी आज संपलीच पाहिजे. पाऊस आला म्हणून मूर्ती आत घ्याव्या लागल्या. ओल्या मूर्तीला हात लावू नये. आज दुसरा हात मारायची गरज नाही. ‘ओल्या मूर्तीला हात लावायची गरज नाही’ असं बाबांनी सांगितलं आणि मूर्तीवर बोट उमटलं, तर ओरडा कुणाला बसेल? घरातलं शेंबडं पोरही या दोन वाक्यांत गल्लत करत नाही. मग इंग्रजीचा पेपर समोर आला की तुमचे कान कुठे जातात?

आता नीट ऐका. आपली इच्छा सांगायची तर ‘वॉन्ट’. ज्याच्यावाचून काम अडतं ते ‘नीड’. बोलणारा स्वतः जोर देऊन सांगतो तेव्हा बहुधा ‘मस्ट’. नियमाने, पावसाने, दुसऱ्या कुणाच्या हुकमाने भाग पडतं तेव्हा ‘हॅव टू’. सल्ल्याला ‘शुड’. ‘रिक्वायर’ कागदोपत्री, अर्जात, नोटिशीत. घरात आईकडे चहा मागताना नव्हे. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ बसतात, म्हणून तुम्ही फसता. नकारात त्यांची तोंडं दोन दिशांना. ‘मस्ट नॉट’ म्हणजे करायचं नाही. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे केलं नाही तरी चालतं. कालची सक्ती सांगायची तर ‘हॅड टू’. ‘यस्टरडे आय मस्ट वेंट’ हे वाक्य या वर्गात पुन्हा दिसता कामा नये. ‘आय ॲम नीडिंग’ही नको. आणि ‘नीड नॉट’च्या पुढे ‘टू’ लावत नाहीत, हे मी या वर्षात कितव्यांदा सांगतोय?

मार्कांसाठी मी एवढा घसा कोरडा करत नाही. तुमच्यातल्या एकाने वडिलांसाठी परदेशातल्या गिऱ्हाइकाला मेल लिहिली. मूर्ती जहाजाने जातात, गणपतीच्या कितीतरी आधी माल निघतो, सगळा व्यवहार पत्रावर. पोराने लिहिलं, ‘यू मस्ट सेंड ॲडव्हान्स.’ वडील दारात आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या दिल्याशिवाय पैशाचा विषय काढत नाहीत, आणि त्यांच्या नावाने परक्या माणसाला हुकूम गेला. ‘काम सुरू करायला ॲडव्हान्स लागेल’ हे ‘वी विल नीड ॲन ॲडव्हान्स टू बिगिन’ असं लिहिता आलं असतं. तेवढेच पैसे मागितले असते, पण माणसासारखे. बापाची जीभ तुम्ही चालवता आहात, एवढं तरी भान ठेवा.

आणि आपल्याच दिवा-रोहा मार्गावरचं रोहा घ्या. तिथे वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. इंग्रजीत उभा कारभार केला आणि कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. एकेक शब्द तोलल्याशिवाय हे होत नाही. तो माणूस तुमच्याच जिल्ह्यातला. तेव्हा ‘आम्ही गावाकडचे’ हे पालुपद मला ऐकवू नका.

सोमवारी प्रत्येकाने घरातली दहा वाक्यं लिहून आणायची. लागतं, पाहिजे, हवं, भाग पडलं, नको, नये, गरज नाही, जशी कानावर पडली तशी. शेजारी इंग्रजी, आणि तोच शब्द का घेतला ते मराठीत. गाइड दप्तरात दिसलं तर मी काढून घेईन. शेजारच्याची वही उतरवली तर दोघांनाही पुन्हा लिहावं लागेल. आणि ती मेल लिहिणाऱ्याने आज शाळा सुटल्यावर थांबायचं. त्या गिऱ्हाइकाला दुसरी मेल जायला हवी, ती आपण दोघं बसून लिहू.