कोणासाठी कोरलेले?

बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही. कोलकात्यात इंग्रजांची वसाहत सुरू करणाऱ्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरची शिळासुद्धा मद्रासकडून आणावी लागली. पुढे १८९३ साली थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने त्या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नावच दिले. १७६७ साली कोलकात्यात वस्तीपासून दूर नवी दफनभूमी सुरू झाली. आज तिला साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री म्हणतात. तिथले पिरॅमिड, घुमट, निमुळते मनोरे आणि ग्रीक धाटणीचे खांब बव्हंशी विटांचे आहेत, वर चुन्याचा गिलावा. रोम आणि इजिप्तची ही सगळी ऐट इथल्याच मातीची आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते आणि भेगांतून पिंपळ उगवतो.

एवढ्या उंच बांधकामांचा सोस कशासाठी होता? इथे माणसे फार लवकर मरत. इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, ही म्हण मुळात मुंबईची. सतराव्या शतकाच्या अखेरीस पाद्री ओविंग्टनने ती नोंदवून ठेवली. कोलकात्यालाही ती तितकीच लागू पडली. वीस वर्षांची रोझ एल्मर १८०० साली इथे गेली, आणि लँडर या कवीच्या आठ ओळींनी तिचे नाव इंग्रजी काव्यात राहिले. उन्हाळ्यात प्रेत ठेवता येत नसे, आणि विलायतेला बातमी पोहोचायलाच महिनोन्महिने लागत. मुलीच्या थडग्यावर आईबापांना सांत्वन वाटेल असा मजकूर कोरला, तरी तो वाचायला ते कधी येणार नव्हते. त्या मजकुराचे वाचक म्हणजे इथलेच, तापाने फणफणणारे, पुढचा क्रम आपला असेल या भीतीत वावरणारे देशबांधव. इतक्या उंचीमागे मला गर्वापेक्षा ही भीतीच जास्त दिसते.

विल्यम जोन्सचा मनोरा असाच उंच आहे. संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते असल्याचे १७८६ साली मांडणारा, शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर करणारा हा न्यायाधीश १७९४ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याने स्थापलेली एशियाटिक सोसायटी याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आजही आहे. पण त्या मनोऱ्यापेक्षा मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टचे थडगे मला अधिक खिळवून ठेवते. हा आयरिश माणूस रोज गंगास्नान करी, देवांच्या मूर्ती जमवी. १८०८ मध्ये त्याने हिंदूंची बाजू मांडणारी पुस्तिकाही लिहिली. १८२८ साली तो वारला आणि त्याच्यावर चक्क देवळाच्या घाटाचे थडगे उभे राहिले. जोन्सने हा देश ग्रंथांतून जाणला, स्टुअर्टने तो अंगाला लावून घेतला. मात्र त्याने जमवलेल्या शिल्पांपैकी बरीचशी अखेर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. त्या प्रेमाचा हाही शेवट विसरता येत नाही.

आणि इथेच पुरलेला डेरोझिओ? वडिलांकडून पोर्तुगीज वंशाचा, पण जन्माने, शिक्षणाने आणि मनाने कोलकात्याचाच. सतराव्या वर्षी तो हिंदू कॉलेजात शिकवू लागला. ब्राह्मण-कायस्थ घरांतली त्याची मुले जातीपासून ईश्वरापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालू लागली, तेव्हा पालक हादरले. १८३१ च्या एप्रिलमध्ये त्याला कॉलेज सोडावे लागले आणि डिसेंबरात कॉलऱ्याने तो गेला. वय बावीस. हिंदुस्थानाला स्वदेश म्हणून कविता लिहिणाऱ्या या तरुणाला आपण ‘इंग्रजांच्या दफनभूमी’त कसे मोजणार? आसपासचे मृत परक्या भूमीत पडले होते; तो घरीच होता.

समोरच्याच बाजूला नॉर्थ पार्क स्ट्रीटची दफनभूमी होती. कादंबरीकार थॅकरेचे वडील तिथे पुरले होते. १९५० च्या दशकात ती पाडली गेली. दक्षिणेकडची वाचली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिची डागडुजी सुरू झाली. त्याच सुमारास सत्यजित राय यांनी आपल्या कथेतल्या गुप्तहेर फेलूदाला तपासासाठी तिथे पाठवले, आणि बंगाली मुलांच्या मनात ही जागा आपली म्हणून रुजली. माझ्या मते त्या कथेने केलेले जतन चुन्या-विटांच्या डागडुजीहून कमी नाही.

जुनी जागा अपुरी पडल्यावर १८४० मध्ये जवळच लोअर सर्क्युलर रोडला नवी दफनभूमी झाली. डेरोझिओनंतर काही वर्षांनी हिंदू कॉलेजात शिकलेले मायकेल मधुसूदन दत्त तिथे आहेत. ते १८७३ साली वारले. इंग्रजीत कवी होण्याचे स्वप्न घेऊन निघालेल्या मधुसूदनांनी स्वतःचा समाधिलेख मात्र बंगालीत लिहून ठेवला होता. बंगालमध्ये जन्मलेल्या वाटसरूला क्षणभर थांबायला सांगून ते त्यात आपले गाव, आपले आईवडील कोण, हे सांगतात.